सीट बेल्टची ‘आजन्म वॉरंटी’ आणि खारा वारा

गणपतीसाठी चाकरमान्यांच्या गाड्या कशेडी घाट उतरायला लागल्या की कोकणातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गाडीविषयीच्या सल्ल्यांचाही पूर येतो. सध्या जोरात फिरणारा मेसेज थोडक्यात असा: “गाडी कितीही जुनी असो, सीट बेल्टला कंपनीची आजन्म वॉरंटी असते. बेल्ट विरला, धागे निघाले, आत जात नसेल तर शोरूमला फुकट बदलून द्यावाच लागतो. हा कायदा आहे. खाऱ्या हवेने खराब झाला तरी कंपनीच जबाबदार. नाहीतर इन्शुरन्समधून घ्या. तोपर्यंत चांभाराकडून दोन टाके मारून घ्या. जनहितार्थ पुढे पाठवा.”

यावर आमच्या वाडीतली प्रतिक्रिया ठरलेली: “फुकट गावता तर सोडूचा कित्याक?” बरोबर आहे, गावत असेल तर सोडू नयेच. पण या मेसेजवर विसंबून लोक विरलेल्या बेल्टानिशी गाड्या पळवताहेत, म्हणून एकेक दावा तपासून बघू.

‘आजन्म वॉरंटी’ ही निव्वळ थाप नाही. ती अमेरिकेतली गोष्ट आहे. तिथे होंडा आपल्या गाड्यांच्या सीट बेल्टना गाडीच्या उपयुक्त आयुष्यभराची वॉरंटी देते. टोयोटाची तिथली मुदत ५ वर्षं किंवा ६०,००० मैल, आणि एकट्या कॅन्सस राज्यात बेल्टांसाठी १० वर्षं. आणि होंडाच्या त्या आजन्म वॉरंटीतही अट आहे: नेहमीच्या वापरात बेल्टचं काम बिघडलं असेल तरच. रंग उडाला, डाग पडले, अपघातात किंवा हयगयीने खराब झाला, तर तिथेही हात वर. या अटी ज्या वॉरंटी पुस्तिकेत असतात, ती अमेरिकेत विकलेल्या गाडीबरोबर येते. कुडाळच्या शोरूममधून घेतलेल्या होंडाची पुस्तिका वेगळी, तिच्यातल्या अटी वेगळ्या. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसते ती मारुती. तिची वॉरंटी जुलै २०२४ पर्यंत २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर होती, आता ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर झाली. यातलं जे आधी संपेल ते. म्हणजे २०१२ची एमएच-०८ वॅगनआर घेऊन कोणी वॉरंटी मागायला गेला, तर काउंटरवरची मुलगी हसणार नाही एवढाच तिचा चांगुलपणा.

आता विरण्याचं. वॉरंटी असते ती बनावटीतल्या दोषाला. वापराने होणारी झीज तिच्यात बसत नाही. बेल्ट बहुधा कुठे विरतो ते बघा. खांद्याजवळच्या खांबावर कडी असते, तिच्यातून पट्टा रोज घासत जातो. तिथे कडेला आधी लव सुटल्यासारखी दिसते, मग धागे. ड्रायव्हरच्या बाजूला जास्त, कारण तो रोज बसतो. दुसरी जागा कमरेखालची: बेल्ट बाहेर लोंबत असताना दार आपटलं की पट्ट्याला चीर जाते. तिसरा उद्योग उंदरांचा. या तिन्हींचा खर्च आपलाच.

मात्र गाडी वॉरंटीत असताना बेल्ट आपोआप अडकायला लागला, बकल ‘टक्’ करून बसेना, झटका दिल्यावर पट्टा लॉक होईना, तर तो कंपनीचा दोष, आणि तो मागायला लाजायचं काही कारण नाही. इथे आपल्या माणसांची एक सवय नडते. सर्व्हिसिंगला गाडी दिली की तोंडी सांगतात, “दादा, तो बेल्ट जरा बघा हां.” दादा बघतो म्हणतो, बिल होतं, गाडी घरी येते, आणि सहा महिन्यांनी वॉरंटी संपल्यावर तक्रारीचा मागमूस कुठेच नसतो. तक्रार जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या कामांची नोंद करतात त्या कागदावर, लिहून घ्या, शब्दांत, तारखेसह, आणि प्रत मागा. तालुक्याच्या गावाहून रत्नागिरी किंवा कणकवलीपर्यंत गाडी नेण्याचा दिवस मोडलाच आहे, तर एवढं कराच.

‘हा कायदा आहे’ म्हणणाऱ्याला कलम विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ब आहे, पण ते बेल्ट न लावल्याबद्दल १,००० रुपये दंडाचं. फुकट बदलून मिळण्याच्या जवळ जाणारी कायद्यातली गोष्ट एकच, ती म्हणजे रिकॉल, म्हणजे दोष असलेल्या गाड्या कंपनीने परत बोलावणं. २०१९च्या दुरुस्तीत कलम ११०अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले, आणि ते ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. त्याशिवाय कंपन्या स्वतःहूनही गाड्या बोलावतात. बेल्टांचीच उदाहरणं द्यायची तर डिसेंबर २०२२मध्ये मारुतीने सियाझ, ब्रेझा, अर्टिगा, एक्सएल६ आणि ग्रँड विटारा मिळून ९,१२५ गाड्या परत मागवल्या. पुढच्या बेल्टची उंची खाली-वर करणाऱ्या भागात दोष असण्याची शक्यता होती. पुढच्याच महिन्यात मागच्या सीटच्या बेल्टच्या ब्रॅकेटसाठी ११,१७७ ग्रँड विटारा. अशा वेळी तपासणी आणि बदली फुकट असते. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकला की आपली गाडी यादीत आहे का ते कळतं. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी तर हे आजच करावं, कारण कंपनीचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असतं. राहिला ग्राहक आयोग: तिथे तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांत करावी लागते, आणि झिजलेला पट्टा हे कारण टिकणं कठीण.

खाऱ्या हवेचा मुद्दा मात्र मला मनापासून पटावासा वाटतो. पण हवा-पाण्याचे परिणाम वॉरंटीतून सहसा वगळलेलेच असतात. आणि दर वेळी बेल्ट मेलेलाही नसतो. पावसाळ्यात गाडी चार दिवस बंद राहिली की पट्ट्यावर पांढरट बुरशी धरते. तारकर्लीहून आलेल्या गाडीच्या बकलात हमखास वाळू सापडते. घामाचा नि धुळीचा चिकट थर त्या खांद्याजवळच्या कडीत साचतो आणि पट्टा आळशासारखा लोंबत राहतो. लोक म्हणतात स्प्रिंग गेली. पट्टा पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने धरून ठेवा, कोमट पाण्यात सौम्य साबण घालून पट्टा आणि कडी पुसा, सावलीत पूर्ण वाळू द्या, मगच आत सोडा. ब्लीच किंवा अ‍ॅसिड नको, त्याने धागा कमजोर होतो. बऱ्याच बेल्टांचा आळस एवढ्याने जातो.

पट्टा पूर्ण ओढायचा आणखी एक फायदा. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, महाडलाही पाणी भरलं. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे धुऊन-पुसून विकल्या गेल्या असतील, तर सीट कव्हर नवं दिसेल, कार्पेटही नवं. पण पट्टा आत ज्यावर गुंडाळला जातो त्या रिळावरचा शेवटचा हातभर पट्टा धुवायचं सहसा कोणाला सुचत नाही. तिथे गढूळ रेघ किंवा वाळलेला चिखल दिसला तर आतल्या रिळाला गंज आहे असंच धरून चाला. असा बेल्ट बदलायचाच, गाडी घेतलीत तर.

इन्शुरन्सचं एका वाक्यात: अपघातात बेल्टचं नुकसान झालं तर ते दाव्यात धरता येतं, झीज धरता येत नाही, आणि झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारा विमा) घेतलं म्हणूनही त्यात फरक पडत नाही.

सगळ्यात वाईट सल्ला टाक्यांचा. चपलेचा अंगठा आणि सीट बेल्ट यांत फरक आहे. पट्टा पॉलिएस्टरच्या विणीचा असतो आणि टक्कर झाली की सगळा ताण त्या विणीवर एका क्षणात येतो. सुई नेमके ताण घेणारे धागे तोडते, शिवणीची गाठ कडीत अडकते ती वेगळीच. नुसता नवा पट्टा जुन्या रिळावर ओवून देणारेही भेटतील, नको. बऱ्याच गाड्यांत रिळालाच प्रीटेन्शनर, म्हणजे टक्कर होताच पट्टा आवळणारा भाग, असतो, त्यात ठिणगीने पेटणारा दारूगोळा असतो, आणि तो उघडणं गॅरेजमधल्या पोराचं काम नव्हे. भंगारातला बेल्ट घेतलात तर त्याचा प्रीटेन्शनर आधीच्या अपघातात उडालेला आहे का, हे बाहेरून ओळखणं सोपं नाही. बेल्टचा त्रास नको म्हणून, गाडीची बेल्ट लावायची ‘टिंग टिंग’ थांबवायला बकलात खोटी क्लिप खुपसणाऱ्यांसाठी: मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा क्लिपा विकणं बंद करायला ऑनलाइन दुकानांना सांगितलं, आणि १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या.

तेव्हा वॉरंटी संपलेल्या गाडीचा बेल्ट विरला असेल तर चासी नंबर देऊन रिळासकट अख्खा संच मागवा, बसवून झाल्यावर झटका देऊन लॉक होतो ते तिथल्या तिथे बघा, आणि बिल ठेवा. नव्या सुट्या भागावर कंपनीची वेगळी, ठरावीक मुदतीची वॉरंटी मिळते. जुन्या मॉडेलचा बेज रंगाचा पट्टा मिळत नाही म्हणाले, तर त्याच मॉडेलचा काळा घ्या.