बुडायचंय? मग नियमात बुडा!

शेतकरी बंधूंनो, यंदा पुन्हा रानात पाणी शिरलं तर सरकारी मदत मिळवताना धांदल नको, म्हणून अनुभवाचे चार बोल सांगतो.

नुकसान 33 टक्के तरी होऊ द्या. तिसाला सोयाबीन तग धरून उभं राहिलं तर त्याला दटावा, असला आगाऊपणा परवडत नाही.

पाऊस आपल्या रानात पडून उपयोग नाही, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात पडला पाहिजे. तोही 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर.

पंचनाम्याला माणूस येईपर्यंत कुजलेलं पीक ताजं ठेवा.

जमीन सामाईक असेल तर पुण्यातल्या चुलत्याशी वर्षभर गोड बोला. संमतीपत्रावर त्याची सही लागते.

रकमेचा हिशेब करू नका. केंद्राच्या निकषाने जिरायतीला हेक्टरी 8500, म्हणजे आराला 85 रुपये, दोन हेक्टरपर्यंत. राज्याने मध्यंतरी 13600 केले, मर्यादा तीन हेक्टर केली. मे 2025 मध्ये पुन्हा मागे आले. सप्टेंबरात मराठवाडा बुडाला, तेव्हा ऑक्टोबरात परत तीन हेक्टर, वर रब्बीसाठी हेक्टरी 10 हजार. तेव्हा पीक कोणत्या जीआरमध्ये बुडवायचं, ते पेरणीआधीच ठरवा.

आता खातं. इथे मात्र नीट ऐका. आमच्या आईच्या नावावर दोन एकर. यादीत नाव आलं, विशिष्ट क्रमांक आला, तिला घेऊन ई-केवायसीला गेलो. अंगठा उमटेना. पन्नास वर्षं खुरपं धरलेला अंगठा, त्याला रेषा राहिल्यात कुठे? तिसऱ्या दिवशी उमटला. मग पोर्टलवर 'रक्कम जमा' आणि पासबुकात काहीच नाही. बँक म्हणाली, आधार दुसऱ्या खात्याला जोडलंय. दुसरं म्हणजे गॅसच्या सबसिडीसाठी कधीकाळी काढलेलं, आम्ही विसरूनही गेलेलो. तिकडे गेलो, तर ते खातं निष्क्रिय. चालू करायला पुन्हा केवायसी, पुन्हा तोच अंगठा. चालू झालं, तर पैशावर होल्ड! का, तर वडिलांच्या जुन्या पीककर्जाला आई जामीन आहे म्हणे. ही रक्कम कर्जाकडे वळवू नये असं जीआरमध्ये लिहिलेलं आहे. तो कागद पुढे केला. साहेबांनी वाचला, उलटा करून पाहिला, म्हणाले, "आम्हाला वरून काही आलं नाही."

वरून काय यायचं राहिलंय, साहेब? आला की पाऊस!

बास झाल्या टिपा, आता सरकार, तुमच्याशीच बोलतो. सातबारा तुमच्या संगणकात आहे. ई-पीक पाहणीचा फोटो आम्ही चिखलात उभं राहून काढून दिला. फार्मर आयडी घ्या म्हणालात, घेतला. तरी दर पुरानंतर जमीन तिचीच का, अंगठा तिचाच का, बाई जिवंत आहे का? वसुलीची नोटीस पाठवताना हाच पत्ता एका दमात सापडतो, तेव्हा कुठली केवायसी आडवी येत नाही. लाज वाटू द्या जरा. सत्तरीच्या बाईला 6800 रुपयांसाठी आठ चकरा मारायला लावल्यात. त्यातले एसटीत किती गेले, हे विचारायला पोर्टलवर रकाना नाही.

मंगळवारी परत बोलावलंय. येताना पासबुकाची झेरॉक्स आणा म्हणाले. पासबुक त्यांच्याच बँकेचं आहे.