वर्गातल्या मौनाचा अर्थ

आदिवासी विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणावरील तुमचा लेख वाचला. विद्यापीठात या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र मदतकक्ष हवा, हे त्यातील म्हणणे मला मनापासून पटले. मात्र लेखाचा बहुतेक भाग शिष्यवृत्तीवरच खर्ची पडला आहे आणि मुले शिक्षण अर्धवट सोडतात ती दरवेळी पैशांअभावीच असे नाही. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि विद्यापीठाच्या कामांसाठी नागपूरला माराव्या लागणाऱ्या खेपा वाचल्या, हा आमच्या भागासाठी मोठाच दिलासा होता. तरीही याच जिल्ह्यातल्या दुर्गम भामरागडकडच्या, माडिया या आदिवासी जमातीतल्या मुलीला पहिल्या सत्रात मराठीसुद्धा परकी वाटते, कारण तिची माडिया ही मराठीहून वेगळ्या, द्राविडी कुळातील भाषा आहे. तिचे वर्गातले मौन मग शिक्षकांना अभ्यासातला कच्चेपणा वाटते.

माझ्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला हेच आले. पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता बंद पडल्याने ती महाविद्यालयात चार दिवस उशिरा पोहोचली. जातीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला असतानाही, मुदत संपली एवढेच सांगून तिला खिडकीवरून परत पाठवण्यात आले. त्या रात्री तिने गावी परतण्यासाठी पेटी भरली होती. तिला थांबवले ते वसतिगृहातील दोन मोठ्या मुलींनी. त्यांनी तिला जेवू घातले, तिच्याशी माडियात बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून तिच्यासोबत कार्यालयात गेल्या. मदतकक्ष होणारच असेल, तर त्यात अशा मुलींना मानधन देऊन नेमावे आणि पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या गावांसाठी प्रवेशाची मुदत आधीच वाढवून ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.