शरणपुरं म्हणजे खुन्यांची धर्मशाळा नव्हे

‘प्राचीन इस्राएलात सहा शहरं होती. खून करा, तिथे पळा, गुन्हा माफ! पैसेवाले तर दंड भरून घरीही परतत. आणि ही सोय फक्त स्वतःच्या जातीपुरती.’ हा फॉरवर्ड भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात शिरला, तेव्हा गप्प बसवेना. लिहिणाऱ्याने बायबलातल्या ‘गणना’ पुस्तकाचा ३५वा अध्याय नुसता चाळला असता तरी पुरलं असतं.

‘शरणपुरं’, म्हणजे आसऱ्याची शहरं, सहाच, कबूल. यार्देन नदीच्या पश्चिमेला केदेश, शखेम, हेब्रोन. पूर्वेला बेसेर, रामोथ, गोलान. लेव्यांना, म्हणजे देवसेवेला वाहिलेल्या वंशाला, दिलेल्या ४८ नगरांपैकी ही सहा.

‘गुन्हा माफ’ कुठून आलं कोण जाणे. पळून आलेल्याने आधी वेशीत उभं राहून नगराच्या वडीलधाऱ्यांना हकिगत सांगायची. मग मंडळीपुढे, म्हणजे लोकांच्या सभेपुढे, निवाडा. लोखंडी हत्यार, जीव जाईल एवढा दगड, लाकडी सोटा, जुनं वैर, दबा धरून केलेला हल्ला, असं काही निघालं की तो खुनी. त्याच्या गावचे वडील माणसं पाठवून त्याला शरणपुरातून आणवत आणि मृताच्या सूड घेणाऱ्या नातलगाच्या, म्हणजे ‘गोएल’च्या, हवाली करत. मात्र एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर कुणाला मृत्युदंड नाही.

सुटका कुणाची, तर बायबलातल्याच ‘अनुवाद’ पुस्तकाच्या १९व्या अध्यायातल्या लाकूडतोड्याची. दोघे रानात गेले, एकाने घाव घातला, कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटून सोबत्याला लागलं आणि तो मेला. मिश्ना म्हणजे ज्यूंच्या धर्मकायद्याचा जुना संग्रह. तिच्या पंडितांनी यावरही वाद घातला: पातं निसटलं तर काय आणि तोडत्या लाकडाची ढलपी उडाली तर काय? शिडी उतरताना कुणाच्या अंगावर पडून तो मेला तर शरणपुरी रवानगी, चढताना पडला तर नाही. इतका कीस पाडणारी माणसं सरसकट ‘माफ’ म्हणतील?

बरं, निर्दोष ठरलेलाही घरी जात नसे. महायाजक, म्हणजे मुख्य पुरोहित, मरेपर्यंत मुक्काम तिथेच. तो उद्या मरो की तीस वर्षांनी. शिवेबाहेर पाऊल टाकलं आणि गोएलने गाठून मारलं, तर गोएलवर रक्तदोष नाही. मिश्ना सांगते, महायाजकांच्या आया या लोकांना अन्नवस्त्र पुरवत, आपल्या मुलांच्या मरणासाठी यांनी प्रार्थना करू नये म्हणून!

आता सगळ्यात घातक थाप, पैशाची. ‘गणना’ ३५चं ३१वं वचन म्हणतं, खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घ्यायची नाही. ३२वं त्याहून कडक: शरणपुरात गेलेल्याला महायाजक मरण्याआधी घरी परतू देण्यासाठीही खंडणी घ्यायची नाही. म्हणजे फॉरवर्डमधली युक्ती नाव घेऊन बंद केलेली. खंडणी त्यांना ठाऊक नव्हती असंही नाही. मारका बैल मोकळा सोडून माणूस मेला, तर मालकाला ती भरून जीव वाचवता येई. ‘निर्गम’ २१मध्ये ती मुभा आहे. शेजारच्या हित्ती कायद्यात तर चुकून हातून माणूस मेला तर बदल्यात दोन माणसं देऊन प्रकरण मिटे. इथे पैशाला वावच नव्हता, गरिबालाही आणि सावकारालाही.

फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य एवढंच, की निवाडा होईपर्यंत खऱ्या खुन्यालाही आसरा मिळे. आणि असा निवाडा होऊन कुणी त्या शहरात राहिल्याची एकही कथा बायबलात नाही, हेही मान्य. जी कथा आहे ती उलटी: दावीद राजाचा सेनापती यवाब आसऱ्यासाठी वेदीची शिंगं धरून बसला, तरी शलमोन राजाने त्याला तिथेच मारवलं.

राहिलं जातीचं. त्याच अध्यायाचं १५वं वचन: ही सहा नगरं इस्राएलांसाठी, परदेशीयांसाठी आणि त्यांच्यात राहणाऱ्या उपऱ्यांसाठी.