बोट न लागलेल्या माणसाची कैफियत

परवाच्या रविवारी इंदूरच्या सुदामानगरात साडूंकडे जेवायला गेलो होतो. त्यांच्या जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या आहेत आणि त्यांतल्या एकीचा मागचा डावा पाय बोटभर आखूड आहे. ही खुर्ची पाहुण्याला द्यायची नाही असा त्या घरचा जुना दंडक असून एरवी तिच्यावर रद्दी बसते. त्या दिवशी रद्दी खाली उतरवण्यात आली. गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदावर, जीरावण मसाला भुरभुरता भुरभुरता मेहुणी म्हणाली, "ती भाऊजींना द्या. त्यांना हलणारंच आवडतं." सगळे हसले. माझी बायको सर्वांच्या आधी हसली, यावरून हा विनोद तिला आधीच ठाऊक असावा असा माझा संशय आहे.

प्रकरण थोडक्यात असे, की सासऱ्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही अकरा जण नोव्हेंबरात मुंबईहून तीन रात्रींच्या जलसफरीला गेलो, दुसऱ्या दिवशी अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, समुद्र खवळला आणि अकरांपैकी दहा जणांना बोट लागली. अकरावा मी. मला बोट तर लागली नाहीच, उलट आयुष्यात क्वचित आली असेल इतकी मजा आली, आणि ती माझ्या तोंडावर दिसली. माझ्यावरच्या आरोपपत्रातले पहिले कलम हेच आहे.

दुसरे कलम केबिनींचे आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. नजारा चांगला दिसावा म्हणून मी सगळ्यांच्या केबिनी आग्रहाने जहाजाच्या नाकाशी आणि वरच्या मजल्यावर घेतल्या होत्या. सी-सॉच्या मधोमध बसलेले पोर जागच्या जागी राहते आणि टोकावरचे आभाळात जाते, ही गोष्ट नेहरू पार्कात लहानपण घालवलेल्या माणसाला सुचायला हवी होती. पण सुचली नाही. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी माशासारखे पंख असतात आणि ते डावी-उजवी डोलण्याला पुष्कळ आवर घालतात, हे मी निघण्यापूर्वी सर्वांना मोठ्या अधिकाराने सांगितले होते. पुढे-मागे होणाऱ्या उचल-आपटीपुढे त्या पंखांचे फारसे चालत नाही, हे मात्र आम्हांला तिथे गेल्यावर कळले. ज्याला त्रास होतो त्याने मधली आणि खालची केबिन घ्यावी. सासऱ्यांना मी सर्वांत पुढची दिली होती, कारण मान त्यांचा होता.

इंदूरच्या माणसाला समुद्राचे इतके अप्रूप का वाटते, असे मुंबईकर विचारतात. त्यांना काय सांगावे? आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. नदी म्हणून आमच्याकडे खान आहे, जिच्याविषयी पाहुण्यांसमोर आम्ही बोलत नाही. पिण्याचे पाणी नर्मदेचे, आणि तेही सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून, नळातून, एक दिवसाआड. पहाटे मोटार लावून टाकी भरण्यात ज्याची हयात गेली त्याने एकदम एवढे पाणी पाहिले, तेही कोणाच्या बापाचे नसलेले आणि चोवीस तास चालू, तर त्याने थोडे भान हरपणे मला तरी स्वाभाविक वाटते.

आता मुख्य गुन्हा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून समुद्र 'रफ' असल्याचे जाहीर केले. हा शब्द त्याने सहज वापरला नव्हता. दर्यावर्दींच्या कोष्टकात त्याचा अर्थ अडीच ते चार मीटर उंचीच्या लाटा असा ठरलेला आहे. वरच्या डेकवरच्या तलावातले पाणी स्वतःच्या लाटा काढू लागले होते, म्हणून त्यावर जाळे ताणण्यात आले. जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या देवळाबाहेरच्या हारांसारख्या ओळीने अडकवलेल्या होत्या आणि त्यांना मागणीही तशीच होती. केबिनीत बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. "अहो, लिंबू आणा," एवढेच ती म्हणाली, आणि मी लिंबू आणायला निघालो. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण मी मजा मारायला गेलो असे जे आता इंदूरभर सांगितले जाते ते खोटे आहे. मी लिंबू आणायलाच गेलो होतो.

शेकडो माणसे जेवतील एवढ्या त्या भोजनगृहात वाढपी सोडले तर पाच-सहा डोकी होती. मागच्या बाजूच्या मोठ्या खिडकीशी माकडटोपी घातलेले, सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्यासमोर पत्र्याचा डबा होता, डावा हात डब्यावर होता आणि उजव्या हाताने ते टेबलावर ताल धरत होते. मी जवळून जाऊ लागताच त्यांनी बोट वर केले. "थांबा. सम येऊ द्या." जहाजाचे नाक पलीकडे कुठेतरी खाली गेले, आमची बाजू वर आली, शेजारच्या टेबलावरचे चमचे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघून गेले, आणि त्यांचा हात त्याच क्षणी टेबलावर पडला. "बारा! बघितलंत? बरोबर बाराव्यानंतर. विलंबित एकताल आहे, बारा मात्रांचा. बसा."

मी बसलो. खिशातून सेवेची पुडी काढली, कारण उभ्या माणसाने रिकाम्या पोटी राहू नये असे मी वाचले होते.

"इंदूर," ते पुडीकडे पाहून म्हणाले.

"हो. आपण?"

"ग्वाल्हेर. लष्कर भागातला." त्यांनी डबा उघडला. आत गजक होती. "बावीस वर्षं संगीताच्या परीक्षा घेतल्यात. गाव सोडून गावं फिरलोय. पण एवढी तयारी असलेला विद्यार्थी बघितला नाही." शेवटच्या वाक्याच्या वेळी त्यांनी समुद्राकडे हात केला.

पुढचा तास ते गृहस्थ लाटांना गुण देत होते. दहापैकी, आणि अर्ध्या गुणाचीही घासाघीस करून. एक लाट पांढरा फेस उडवत, आदळत-आपटत आली तेव्हा मी उत्साहाने "वा!" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी जणू तबलजी ठोकाठोकी करत असतानाच टाळ्या वाजवल्या होत्या.

"साडेतीन," ते म्हणाले. "ही इथल्याच वाऱ्यानं आज दुपारी शिकवलेली आहे. नुसता दंगा. आवाज मोठा म्हणजे गाणं नव्हे. आता तिच्या पाठीमागून येतेय ती बघा. फेस नाही, घाई नाही, लांबच लांब पाठ. ही घराण्याची. कुठून कुठून चालत आली असेल!"

तिने आम्हांला पायापासून उचलले, वर क्षणभर धरून ठेवले आणि मग इतक्या सावकाश खाली सोडले, की मला सांगता येत नाही.

"साडेसात," ते म्हणाले.

"साडेसातच?"

"उठाव सुरेख होता. पण समेच्या आधी कप पडला."

"कप तर वेटरच्या हातून पडला."

"साथीदाराची चूकही गायकाच्याच खात्यात धरतात. नियम आहे."

ते बोलत होते ते शास्त्राला धरूनच होते, हे मला घरी आल्यावर कळले. जागच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा आखूड, टोकदार आणि विस्कळीत असतात. दूरच्या वादळाने उठवलेल्या लाटा मात्र वारा मागे टाकून हजारो किलोमीटर चालत येतात, वाटेत त्यांची वर्गवारी होत जाते आणि लांब, समान अंतराच्या तेवढ्या पुढे पोहोचतात. दोन लाटांमध्ये बारा सेकंद असणे ही दूरवरच्या वादळाचीच खूण. त्यांचा एकताल, म्हणजे, खरोखरच घराण्याचा होता. पण त्या वेळी मला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. एका मोठ्या लाटेला मी टेबलाची कड पकडून "क्या बात है" म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही धरून दाद देता. दाद मोकळ्या हातानं द्यायची असते. श्रोता म्हणून तुम्हांला साडेपाच."

साडेपाच! ज्या जहाजावर माझ्या घरातली दहा माणसे आडवी झाली होती तिथे मी ताठ बसून सेव खात होतो, आणि मला साडेपाच. शिंदे-होळकरांचे जुने हिशेब अरबी समुद्रावर काढायचे काहीच कारण नव्हते, आरमाराचा मान तर आंग्र्यांचा; पण ग्वाल्हेरच्या माणसाने इंदूरच्या माणसाला काठावर पास करणे माझ्याने सहन झाले नाही. "पुढची बघा," मी म्हणालो. मी उभा राहिलो, दोन्ही हात पसरले आणि पाय फाकवून समेची वाट पाहू लागलो. ती आली. मी तिच्याबरोबर वर गेलो, हात पसरलेलेच, तोंडातून जो आवाज निघाला त्याला शब्द नाही.

"आठ!" गृहस्थ म्हणाले. आणि मग, माझ्या पाठीमागे पाहून, अदबीने, "या वहिनी, बसा. नऊची येतेय."

मी हात पसरलेल्या स्थितीतच वळलो. दारात भिंतीला धरून बायको उभी होती. तिचा रंग कच्च्या कैरीचा झाला होता. लिंबाला निघाल्याला सव्वा तास झाला होता, हे मला घड्याळ न पाहता कळले. ती एक शब्दही बोलली नाही. कठड्यावरची एक पिशवी तिने ओढून घेतली आणि निघून गेली. मी गजकीचे दोन तुकडे घेऊन तिच्या मागे धावलो, हीही चूकच झाली.

आता मला असे विचारायचे आहे, की यात माझा अपराध नेमका कोणता? बोट लागणे हा पोटाचा विषयच नव्हे. तोल कानाच्या आतल्या भागात राखला जातो. बंद केबिनीत डोळे सांगतात की भिंत स्थिर आहे, कान सांगतात की सारे हलते आहे, आणि दोघांच्या भांडणात पोट मार खाते. वर येऊन क्षितिजाकडे पाहिले की डोळ्यांना आणि कानांना निदान एकच गोष्ट कळते. हे मी त्या रात्री प्रत्येक केबिनीत जाऊन समजावून सांगितले. सासऱ्यांनी दार लावून घेतले. गोळी म्हणावी तर ती त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. नेल्सन हा ब्रिटिश आरमाराचा एवढा मोठा सेनानी, त्याला जन्मभर बोट लागत असे, आणि त्याबद्दल कोणी त्याला भित्रा म्हणत नाही. तसेच ज्याला लागत नाही त्यालाही कोणी निर्दय म्हणू नये. कान मी निवडून आणलेले नाहीत. पण आपल्याकडे दुःखात सहभागी होण्याची एकच रीत मान्य आहे, ती म्हणजे शेजारी आडवे होणे. मीही दोन पिशव्या भरल्या असत्या तर आज मी आदर्श जावई असतो. अकरा माणसांचे तीन दिवसांचे जेवण आगाऊ भरलेले होते आणि त्यातले जे काही वसूल झाले ते एकट्या माझ्यामुळे, याची तर कोणाला जाणीवही नाही.

शिवाय शिक्षा मला झालीच. बाकीचे दहा जण धक्क्यावर उतरताच खडखडीत बरे झाले आणि मुंबई सेंट्रलला वडापाव खाऊन अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसले. दुसऱ्या दिवशी मी इंदूरच्या घरात पाय ठेवला आणि घर हलले. समुद्राची सवय झालेला मेंदू जमिनीवरही लाटांची अपेक्षा धरून बसतो आणि ती सवय सुटायला काही दिवस लागतात, असे डॉक्टरांनी सांगितले. डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटले की नळ धरावा लागे. गंमत अशी, की स्कूटर चालू असली की बरे वाटे. पलासियाच्या सिग्नलवर लाल दिवा लागून स्कूटर थांबली, की समोरची सगळी दुकाने सावकाश वर जायला लागत. बायकोला सांगितले, तर ती म्हणाली, "मग आता हात पसरा." लिंबू कोणी दिले नाही.

तर त्या चौथ्या दिवशी, रविवारी, मी त्या खुर्चीवर बसलो. मागे रेललो की ती डावीकडे टेकायची, पुढे वाकलो की उजवीकडे यायची. आणि दोन घासांनंतर माझ्या लक्षात आले, की भिंत थांबली आहे. भिंतीवरचे कॅलेंडर जागेवर होते. आमटी वाटीत होती. चार दिवसांत पहिल्यांदाच माझे डोळे आणि माझे कान यांचे एकमत झाले होते, आणि मी अगदी हळू, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, बारा मात्रांत डुलत जेवत होतो.

सासऱ्यांना माझी दया आली. "पुरे आता थट्टा," ते मेहुणीला म्हणाले, "जावई आहेत." मेहुणीने मिठाईच्या डब्याचे झाकण आणले, चौपदरी दुमडले आणि वाकून खुर्चीच्या पायाखाली सारले.

"आता बरं वाटतंय ना भाऊजी?"

समोरचे कॅलेंडर सावकाश वर निघाले होते. मी टेबलाची कड धरली आणि हो म्हणालो.