‘पृथ्वीचा एकही खरा फोटो नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

फोंडा-डिचोलीकडच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर पुन्हा फिरतोय. नासाने पृथ्वीचे फोटो फोटोशॉपमध्ये बनवल्याचे स्वतःच कबूल केले; २००२ च्या फोटोत तेच ढग दोनदा दिसतात; २०१२ च्या फोटोत अमेरिका अचानक फुगते; आकाशात तारे नाहीत; म्हणजे अख्ख्या पृथ्वीचा खरा फोटो कुणाकडेच नाही, असे त्यात म्हटले आहे.

ढगांपासून सुरुवात करू, कारण तो मुद्दा अर्धा खरा आहे. २००२ चे ‘ब्लू मार्बल’ हे एका क्षणी टिपलेले छायाचित्र नाहीच. ते ज्याच्या निरीक्षणांतून बनले तो नासाचा टेरा उपग्रह सुमारे ७०५ किमी उंचीवरून फिरतो. इतक्या जवळून पूर्ण गोल दिसणे शक्यच नाही. त्याच्यावरचे मोडिस उपकरण २,३३० किमी रुंदीचा पट्टा टिपत जाते, आणि असे पट्टे जोडले की एक-दोन दिवसांत पृथ्वी झाकली जाते. त्यात जमिनीसाठी वापरलेली निरीक्षणे होती जून ते सप्टेंबर २००१ ची. त्या पावसाळी महिन्यांत गोव्यातल्या सत्तरीचे रान अमुक दिवशी वरून उघडे दिसेलच, अशी हमी कोणता गोंयकार देईल? म्हणून आठ-आठ दिवसांची निरीक्षणे एकत्र करून ढगांखालची जमीन मिळवली आणि ढगांचा थर वेगळा तयार करून वर चढवला. विषुववृत्ताजवळ लागोपाठच्या पट्ट्यांत फटी राहतात. त्या ही प्रतिमा तयार करणाऱ्यांपैकी नासाचे रॉबर्ट सिमन यांनी आजूबाजूचे ढग लावून बुजवल्या आणि तसे उघड सांगितलेही. ‘कबुली’ म्हणतात ती हीच. माझ्या मते निदान एका आवृत्तीत त्या फटी काळ्याच ठेवायला हव्या होत्या. पण ढगांना लावलेल्या ठिगळांमुळे खालच्या जमिनीचा १ किमीपर्यंतचा तपशील खोटा ठरत नाही. मोडिसची मूळ निरीक्षणे सर्वांना खुली आहेत. ज्याला शंका आहे त्याने पट्टे स्वतः जोडून पाहावेत.

फुगलेली अमेरिका: मंगेशीच्या दीपस्तंभाच्या पायथ्याशी उभे राहून फोटो काढा, खालचा मजला अवाढव्य येतो. मागे सरका, तोच स्तंभ सडपातळ होतो. २०१२ ची प्रतिमाही सुओमी एनपीपी उपग्रहाच्या पट्ट्यांतून जुळवलेली आहे आणि ती कमी उंचीवरून पाहिल्यासारखी मांडली आहे. जवळून गोलाचा थोडाच भाग नजरेत येतो, त्यामुळे मधला खंड सगळी चकती व्यापतो.

ताऱ्यांचे उत्तर एका ओळीचे: उन्हातली पृथ्वी नीट यावी इतका कमी वेळ कॅमेरा उघडला, तर अंधूक तारे उमटत नाहीत.

राहिला एकाच क्लिकमध्ये टिपलेल्या पूर्ण पृथ्वीचा प्रश्न. ७ डिसेंबर १९७२ रोजी चंद्राकडे निघालेल्या अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी सुमारे २९,००० किमीवरून हातातल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याने फिल्मवर पूर्ण गोल टिपला. त्याच्या कडेला दिसणारे वादळ दोनच दिवसांपूर्वी तामिळनाडूला झोडपून गेले होते. पुढे २०१५ साली डिस्कव्हर उपग्रह सुमारे १५ लाख किमीवरून फोटो पाठवू लागला. त्याचा कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे फोटो काही सेकंदांच्या अंतराने घेतो. त्या जुलैत चंद्र पृथ्वीसमोरून सरकला, तेव्हा तेवढ्या वेळात तो थोडा पुढे गेला आणि त्याच्या कडेला हिरवी रेघ उमटली. बनवाबनवी करणाऱ्याने ती रेघ आधी पुसली असती.

आणि नासावर विश्वास नसेल तर इस्रोचा इन्सॅट-३डीआर आहे. २०१६ साली सोडलेला हा उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किमी उंच ठेवला गेला. पणजीचा रेखांश ७३.८, म्हणजे तो जवळपास आपल्या सरळ दक्षिणेला. तो ओळीओळीने पृथ्वी वाचतो, पूर्ण चकतीला साधारण २६ मिनिटे लागतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यालगत वर सरकत होते, तेव्हा हवामान खाते अशाच उपग्रहचित्रांवरून त्याचा माग काढत होते. ही चित्रे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. फक्त दुपारी पाहा. रात्री साध्या प्रकाशातली चकती काळी येते, तेव्हा अवरक्त (उष्णतेवरून घेतलेले) चित्र उघडा, आणि काळ्या चकतीचा स्क्रीनशॉट गटात टाकू नका.