दुसरी वायर

माझा महिना वीस तारखेला संपतो. मी सांगलीत लोकांची जीएसटीची रिटर्नं भरतो. थ्री-बी या महिन्याच्या रिटर्नची मुदत वीस, म्हणून हळदीचे अडते आणि बेदाणेवाले बिलांची पिशवी एकोणीसला दिवेलागणीला आणतात. बिलांवर पिवळी बोटं उमटलेली असतात. एक दिवस उशीर झाला की ५० रुपये लेट फी. रक्कम अडत्याच्या दृष्टीने चिल्लर, पण ती माझ्यामुळे बसली, ही गोष्ट तो मार्केट यार्डात वर्षभर सांगतो.

तर अशाच एका वीस तारखेला सकाळी अकराला राउटरवरचा ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल होऊन डोळे मिचकावू लागला. फोन केला. “साहेब, फायबर कट आहे. टीम साईटवर आहे.” ही टीम मी जन्मात पाहिली नव्हती, म्हणून चप्पल घालून शोधायला निघालो. कोपऱ्यावर गटारीसाठी जेसीबी लावलेला. चिखलातून काळ्या वायरचं टोक वर आलेलं, आणि शेजारी पालथ्या बादलीवर एक विशीतला पोरगा. हीच टीम.

त्याने वायर सोलली. आत काचेचा धागा, जाडी ०.१२५ मिलिमीटर, म्हणजे केसाएवढी. माझा संसार यावर चालतो, हे मला पन्नाशीत कळलं. त्याने धागा स्पिरिटने पुसला, मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवली. स्क्रीनवर ती लाटण्याएवढी दिसत होती. मधला अंतरपाट दूर झाल्यासारखी ती सरकली, ठिणगी पडली, लग्न लागलं. अक्षता टाकायच्या राहिल्या. माझे चार तास गेले होते.

“अहो, दुसरं कनेक्शन घ्या,” असं बायको दोन वर्षं म्हणत होती. महिन्याचे पाचशे रुपये वाचवण्यासाठी मी तिला धंद्यातली अक्कल शिकवत असे. यावेळी मुकाट्याने दुसऱ्या कंपनीचं घेतलं. दोन वायरी आपोआप बदलणारा राउटर आणला. लाईट गेली तर म्हणून त्याला बारा व्होल्टची छोटी बॅटरीही जोडली. येईल त्याला ते सगळं दाखवायचो, नवा फ्रीज दाखवावा तसं.

पुढच्याच महिन्यात ऊस भरलेला ट्रॅक्टर गल्लीत शिरला. दोन्ही राउटर, दोन्ही दिवे लाल.

बाहेर येऊन वर पाहिलं. कंपन्या दोन, बिलं दोन, जाहिरातीत एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या; पण दोघींच्या वायरी एकाच खांबावरून, एकाच प्लास्टिकच्या पट्टीने बांधून आलेल्या. आता दोघी उसाच्या मोळीवर एकत्र पसरल्या होत्या. तो बादलीवाला पोरगा पुन्हा आला. तो दोन्ही कंपन्यांची कामं करतो, हेही तेव्हाच कळलं.

पण माझ्यापेक्षा मोठे फसलेत. २०११ साली जॉर्जियात ७५ वर्षांची एक आजी तांबं शोधायला कुदळ घेऊन खणत होती. तिच्या हातून केबल तुटली आणि शेजारच्या आर्मेनिया देशाचं इंटरनेट काही तास गेलं. अख्खा देश एका खांबावर! हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्या आजीला वीस तारीख नसेल.”

आता तिसरी सोय आहे: सिमकार्डवर चालणारा डबा. तो खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, कुंडीवर उभा केला तरच रेंज धरतो. धरतो मात्र नक्की, आणि खांबाशी त्याचा संबंध नाही.

परवा वीस तारीख होती. दोन्ही वायरी शाबूत, डबा कुंडीवर, बॅटरी फुल. शेवटचं रिटर्न, रात्रीचे साडेअकरा. ओटीपी अडत्याच्या मोबाईलवर जातो. मी फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

“आलाय की साहेब ओटीपी. पण चष्मा दुकानात राहिलाय.”

“घरी कुणी नाही का?”

“सगळी लग्नाला गेलीत. थांबा, अंदाजानं सांगतो.”