ओपन सोर्सचे ‘फुकट मजूर’ आणि कुंभारजुवेंचा अनुस्वार

जून लागला की गोव्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो फोंड्याच्या भाच्याने मला पाठवला, वर विचारलं, ‘मामा, तू पण असंच करतोस?’ मजकूर थोडक्यात असा: ओपन सोर्समधली, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमधली, मेंटॉरशिप ही फुकटात मजूर मिळवायची युक्ती. मेंटॉर, म्हणजे नवख्यांना शिकवणारे जुने लोक, आपलं काम पोरांवर ढकलतात, पैसा कंपन्या खातात, संधी आयआयटीवाल्यांनाच मिळते, आणि आता एआय आल्यावर या शिकण्याला किंमतच उरली नाही.

मी नोकरी सांभाळून एका छोट्या ओपन सोर्स लायब्ररीची, म्हणजे इतर प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडची, देखभाल करतो. आम्ही तिघंच. तेव्हा हे मला लागलंच.

आधी ‘काम ढकलतात’चं बघू. आमची लायब्ररी लांबलचक नावं लेबलाच्या अरुंद रकान्यात बसवते, जास्तीचा भाग कापते. गेल्या वर्षी डिचोलीकडचा एक विद्यार्थी आला. पहिल्याच आठवड्यात त्याने गोव्यातल्या गावांची यादी त्यातून काढली, मर्यादा दहाची. मी निकाल वरवर पाहिला, सगळं ठीक वाटलं. त्याचा निरोप आला: ‘सर, अनुस्वार खंय गेलो?’ म्हणजे, कुठे गेला?

यादीतल्या एका गावाचं कोंकणी नाव ‘कुंभारजुवें’. आमच्या कोडने ‘कुंभारजुवे’ छापलं होतं. मराठीत आपण तसंच लिहितो, म्हणून माझ्या डोळ्याला काही खटकलं नाही. तो शाळेत कोंकणी शिकलेला, त्याला टिंब हरवलेलं लगेच दिसलं. आपल्याला त्या नावात पाच अक्षरं दिसतात. संगणक मात्र काना, मात्रा, उकार, अनुस्वार सुटे धरून अकरा मोजतो. दहावर कापलं की शेवटचा अनुस्वार जातो, आणि उरलेलं नाव इतकं धडधाकट दिसतं की चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्याने दुरुस्ती केली: चिन्ह अक्षरापासून तोडायचं नाही. कुंभारजुवें सुधारलं. मग दुसऱ्या रकान्यात म्हापशाचं ‘म्’ एका बाजूला आणि ‘हा’ दुसऱ्या बाजूला गेलं. कारण देवनागरी जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोड या संगणकात सगळ्या लिप्या मांडायच्या मानकाच्या अक्षरगट पाडण्याच्या नियमांत आला तो सप्टेंबर २०२३च्या १५.१ या आवृत्तीत, आणि आम्ही जुन्याच तक्त्यांवर बसलो होतो. हे त्याला सांगायचं तर आधी मला नीट वाचावं लागलं. तीन आठवडे संध्याकाळी जेवण झाल्यावर आमचं हेच. एका रात्री पावसात लाइट गेली, तर त्याने मोबाइलवर कोडचा फोटो पाठवून विचारलं. शेवटी बदल झाला चौदा ओळींचा, सोबत बऱ्याच चाचण्या. एकदा कारण कळल्यावर तेवढं काम मी एकट्याने तासाभरात उरकलं असतं. मजूर ठेवून कुणी असा धंदा केला तर त्याचं दुकान महिन्यात बसेल.

मग करतो कशाला? कारण ती चूक मला जन्मात दिसली नसती. आणि आता नव्याने येणाऱ्यांच्या चाचण्या तोच तपासतो, माझ्यापेक्षा कडक.

आता पैसा. गूगल समर ऑफ कोड हा अशा मेंटॉरशिपचा उपक्रम २००५पासून चालू आहे. तिथे निवड झाली की मानधन मिळतं, ते गूगल देतं. काम साधारण ९०, १७५ किंवा ३५० तासांचं. २०२२पासून विद्यार्थी असण्याचीही अट नाही. अठरा पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवखा, एवढं पुरतं. मानधन देशागणिक बदलतं आणि भारताच्या वाट्याला कमी येतं, ही तक्रार रास्त आहे. आउटरीची हा तसाच दुसरा उपक्रम मात्र कुठल्याही देशातल्या इंटर्नला सारखेच ७००० डॉलर देतो. आमच्याकडे दोन्ही नाही. पैसे नाहीत, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. हजेरी नाही, डेडलाइन नाही, नको वाटलं तर उद्या येऊ नको. ज्यांच्याकडे पगार शून्य पण वेळ दहा ते सहा, त्यांनी त्याला ओपन सोर्स म्हटलं तरी ती वेठच. तिथे मी मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने.

कंपन्या फुकटात वापरतात हे खरंच. पण त्यात पिळला जातो तो बहुतेक वेळा मेंटेनर, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणारा. २०१४ साली हार्टब्लीड ही सुरक्षेतली मोठी फट सापडली तेव्हा जगभरच्या वेबसाइटी ज्यावर चालत, त्या ओपनएसएसएलला वर्षाकाठी देणग्या मिळत साधारण २००० डॉलर. २०२४ साली एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा घुसवला गेला तोही एका दमलेल्या मेंटेनरचा विश्वास हळूहळू मिळवून. तक्रार खरी आहे हो, पत्ता चुकलाय.

आयआयटीचा मुद्दा थोडक्यात. पॅचवर, म्हणजे कोडमध्ये सुचवलेल्या बदलावर, कॉलेजचं नाव नसतं. आमच्या डिचोलीकराचं कॉलेज मला अजून ठाऊक नाही. खरी अडचण इंग्रजीत प्रस्ताव लिहायची आणि धड लॅपटॉपची, आणि त्यावर त्या मजकुरात एक अक्षर नाही.

एआयचं म्हणाल, तर आम्हाला आताशा फार गुळगुळीत पॅच येतात. ‘हे असं का केलंस?’ विचारलं की पलीकडे शांतता. कर्ल या डेटाची ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग २०२४पासून अशाच बनावट सुरक्षा-तक्रारींबद्दल जाहीर ओरडत आहेत. कोड लिहिणारे वाढले, ‘अनुस्वार खंय गेलो’ विचारणारे काही वाढले नाहीत.

ज्यांच्यावर बोट ठेवायला हवं ते मजकुरात नाहीतच: ‘आठवड्यात ओपन सोर्स’ शिकवणारे व्हिडिओवाले. २०२० साली हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरात पॅच पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या उपक्रमात, रीडमीत (प्रकल्पाच्या ओळखीच्या फाइलीत) एखादा शब्द घुसडलेल्या पॅचांचा इतका पूर आला, की ऑक्टोबरातच नियम बदलून फक्त इच्छुक प्रकल्पांचं काम धरायचं ठरलं. २०२४मध्ये एक्स्प्रेस या वेबसाठीच्या प्रकल्पाच्या रीडमीत पोरांनी स्वतःची नावं घालायचा सपाटा लावला. व्हिडिओत दाखवलं तसं केलं बिचाऱ्यांनी. निस्तरलं मेंटेनरांनी.

हे सगळं भाच्याला लिहिलं, रविवारी लॅपटॉप घेऊन ये म्हटलं. त्याने विचारलं, ‘मामा, पैसे?’ मी लिहिलं, ‘नाहीत. आईने केलेले पातोळे आहेत.’ निळ्या टिका आल्या आहेत, उत्तर अजून नाही.